बटाटा, पाव आणि आजी

परवा एकादशीला खिचडीसाठी बटाटे सोलता सोलता वसईच्या आजीची आठवण झाली. उपासाला तिला बटाटा चालायचा, पण पाव मात्र ती एरवीही घरात येऊ द्यायची नाही. पायाने मळतात म्हणून त्याला पाव म्हणतात, हा तिचा ठाम सिद्धांत. शिवाय ती जुनी गोष्ट होतीच... फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकला आणि पाणी प्यायले ते बाटले!

खरं तर पावाचा ना पायाशी संबंध, ना पावशेराशी. पोर्तुगीज 'पांव'चा तो मराठी अवतार. आणि गंमत म्हणजे बटाटाही त्यांचाच! मूळ शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, तोही रताळ्यासाठी. स्पॅनिशांनी उचलला, पोर्तुगीजांनी इकडे आणला. खिचडीतली मिरचीसुद्धा मूळची अमेरिकेचीच. वसई १५३४ पासून त्यांच्याकडे होती, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली. किल्ला आपल्याकडे आला. चावी, पगार, घमेलं हे शब्द आधीच घरात शिरले होते. एकाच गलबतातून आल्यासारखे हे दोघे, पण एक सोवळ्यात गेला आणि दुसरा विहिरीत.

शेवटच्या आजारात आजीला चावता येईना. तेव्हा आईने दुधात पाव कुस्करून भरवला. काय आहे ते सांगितलं नाही. "मऊ आहे गं," एवढंच आजी म्हणाली आणि आणखी एक घास मागितला.

आत्या, हे वाचशील तेव्हा आईवर रागावू नकोस.