वेब्ली–फॉसबेरी रिव्हॉल्व्हर

वेब्ली–फॉसबेरी रिव्हॉल्व्हर : प्रत्याघाताच्या बळावर आपोआप सज्ज होणारे ब्रिटिश बनावटीचे रिव्हॉल्व्हर. बर्मिंगहॅम येथील ‘वेब्ली अँड स्कॉट’ कंपनीने विसाव्या शतकाच्या प्रारंभी ते बाजारात आणले. एकूण उत्पादन पाच हजारांच्या आत राहिल्याने आज ते दुर्मिळ मानले जाते.

या शस्त्राचा जनक जॉर्ज व्हिन्सेंट फॉसबेरी (१८३२–१९०७) हा बंगालच्या सैन्यातील अधिकारी होता. वायव्य सरहद्दीवरील अंबेला मोहिमेत (१८६३) दाखविलेल्या शौर्याबद्दल त्याला ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ हा सन्मान मिळाला. निवृत्तीनंतर तो शस्त्रसंशोधनाकडे वळला. शिकाऱ्यांत नावाजलेली ‘पॅराडॉक्स’ बंदूकही त्याच्याच कल्पनेतून निर्माण झाली. प्रस्तुत रिव्हॉल्व्हरचे एकस्व त्याने १८९५ मध्ये घेतले. १९०० साली बिझ्ली येथील नेमबाजी मेळाव्यात ते प्रदर्शित झाले व १९०१ पासून त्याची विक्री सुरू झाली.

नेहमीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसांचा दंडगोल चाप किंवा घोडा ओढताना बोटाच्या जोराने फिरतो. वेब्ली–फॉसबेरीची चौकट मात्र दोन भागांची असते. नळी व दंडगोल धारण करणारा वरचा भाग, मूठ व चाप असलेल्या खालच्या भागावर मागेपुढे सरकतो. गोळी सुटताच प्रत्याघाताने वरचा भाग मागे जाऊन घोडा चढतो. खालच्या भागावरील एक स्थिर खुंटी दंडगोलावर कोरलेल्या नागमोडी खाचेतून जात असल्याने दंडगोल अर्धा टप्पा फिरतो. स्प्रिंगच्या जोराने वरचा भाग पुढे येताना उरलेला अर्धा टप्पा पूर्ण होतो. त्यामुळे प्रत्येक वेळी चाप हलकाच दाबावा लागे व नेम स्थिर राही. रिव्हॉल्व्हरमध्ये सहसा न आढळणारा सुरक्षा-खटकाही यात होता. ०·४५५ इंची नमुन्यात सहा, तर ०·३८ इंची नमुन्यात आठ काडतुसे बसत.

लक्ष्यवेधाच्या स्पर्धांत या शस्त्राने नाव मिळविले. सैन्याने मात्र ते अधिकृतपणे स्वीकारले नाही. काही अधिकाऱ्यांनी स्वखर्चाने ते घेतले. पण पहिल्या महायुद्धातील खंदकांच्या चिखलात त्याचे उघडे सरकमार्ग व खाचा अडचणीच्या ठरल्या. शिवाय वजन जास्त, किंमत अधिक आणि पकड सैल राहिल्यास यंत्रणा अपुरी चालण्याची भीती. पुढे त्याचे उत्पादन थांबले. डॅशिएल हॅमेट याच्या द मॉल्टीज फाल्कन (१९३०) या कादंबरीत हत्येचे साधन म्हणून ते येते, तेव्हाही ते कालबाह्यच झालेले होते.

ज्या रचनेमुळे हे शस्त्र वेगळे ठरले, तीच त्याच्या जतनातील मुख्य अडचण आहे. सरकमार्ग व खाचा स्वच्छ ठेवून त्यांवर पातळ तेलाचा हलका थर द्यावा लागतो. दाट वंगणात धूळ साठते. स्प्रिंग सैल पडली, तर वरचा भाग पूर्ण पुढे येत नाही व काडतूस नळीशी नेमके जुळत नाही. जुन्या काडतुसांच्या प्रज्वलकातील क्षार हवेतील ओल शोषून नळी गंजवितात. म्हणून ती वापरल्यास नळी पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावणे आवश्यक असते. सुटे भाग तयार मिळत नाहीत. ते कुशल कारागिराकडून घडवून व घासून बसवावे लागतात. मूळ मुलामा काढून नवा चढविल्यास शस्त्र चकचकीत दिसते, पण त्याचे ऐतिहासिक मूल्य घटते. प्रत्येक बाराबरोबर खुंटी व खाच झिजत असल्याने, शस्त्र चालते ठेवणे आणि ते मूळ रूपात टिकविणे ही दोन उद्दिष्टे परस्परविरोधी ठरतात.

ब्रिटनमधील कायद्यानेही या दोन उद्दिष्टांची दखल घेतली आहे. डनब्लेन येथील शाळेतील १९९६ च्या हत्याकांडानंतर १९९७ मध्ये बहुतेक सर्व पिस्तुले व रिव्हॉल्व्हरे खाजगी व्यक्तींनी बाळगण्यास बंदी करण्यात आली. ऐतिहासिक शस्त्रांना दोन प्रकारची सवलत देण्यात आली : १ जानेवारी १९१९ पूर्वी बनलेले व ज्याची काडतुसे सहज मिळत नाहीत असे शस्त्र संग्रह म्हणून परवान्यावर घरी ठेवता येते, विशेष दुर्मिळ किंवा तांत्रिक महत्त्वाचे शस्त्र नियुक्त ठिकाणी ठेवून तेथेच चालविता येते. अशा नियुक्त ठिकाणांत बिझ्लीचाही समावेश आहे. भारतात असे शस्त्र बाळगण्यास १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना लागतो.