निरंकाची जागा : आउटर जॉइनच्या इतिहासावरील एक टिपण

मराठी कार्यालयीन भाषेत 'निरंक' हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. एखाद्या रकान्यात लिहिण्याजोगे काही नसेल तर तो कोरा सोडायचा नाही, तेथे 'निरंक' असे लिहायचे, हा आपल्या दफ्तरांचा जुना शिरस्ता. कोरा रकाना म्हणजे माहिती आलीच नाही; निरंक म्हणजे विचारणा झाली, शोध घेतला आणि सांगण्यासारखे काही आढळले नाही. शून्य ही आणखी तिसरीच गोष्ट. शून्य गुण मिळवणारा विद्यार्थी आणि परीक्षेला गैरहजर राहिलेला विद्यार्थी यांची गणना एकत्र करता येत नाही, हे कोणीही शिक्षक सांगेल.

संगणकीय माहितीसाठ्यांच्या, म्हणजे डेटाबेसच्या, इतिहासात नेमक्या या भेदाने अभ्यासकांना चार दशकांहून अधिक काळ गुंतवून ठेवले आहे. आम्ही मराठीचे अध्यापक; गणित आणि यंत्रे ही आमची क्षेत्रे नव्हेत. परंतु हा इतिहास मुळात वाक्यरचनेचा आणि अर्थाचा आहे. वाक्यातील एखादी अट कोणत्या शब्दाला जोडली आहे यावर एक माणूस यादीत राहतो किंवा यादीतून नाहीसा होतो, एवढेच त्याचे सूत्र आहे. म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनीही त्याकडे पाहावे, असे आम्हांस वाटते.

या इतिहासाचा आरंभ जून 1970 मध्ये धरता येतो. आयबीएमच्या सॅन होजे येथील संशोधनशाळेत काम करणारे एडगर कॉड यांनी त्या महिन्यात रिलेशनल मॉडेल मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, आणि विचारणाऱ्याने 'काय हवे' तेवढेच सांगावे. 'कसे शोधायचे' हे यंत्राने ठरवावे, हा त्यातून पुढे आलेला विचार. त्याच संशोधनशाळेत 'सिस्टिम आर' नावाचा प्रकल्प उभा राहिला, आणि तेथेच आजच्या एसक्यूएल या भाषेचा जन्म झाला.

एक उदाहरण घेऊ. मालाडमधल्या एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाची कल्पना करा. एका तक्त्यात विद्यार्थ्यांची यादी आहे, दुसऱ्यात पुस्तकांच्या देवघेवीच्या नोंदी आहेत. दोन्ही तक्ते विद्यार्थ्याच्या क्रमांकावरून जोडले की कोणी कोणते पुस्तक नेले ते कळते. या जोडणीला जॉइन म्हणतात. साध्या जॉइनमध्ये ज्याला जोडी मिळते तोच टिकतो. ज्याने वर्षभरात एकही पुस्तक नेले नाही, त्याचे नाव उत्तरात येतच नाही. वास्तविक शिक्षकाला काळजी असते ती त्याचीच.

ही उणीव भरून काढणाऱ्या आउटर जॉइनचा विचार कॉड यांनी 1979 च्या एका दीर्घ निबंधात केला. या जोडणीत एका बाजूच्या तक्त्यातील प्रत्येक ओळ राखली जाते. जिला जोडी नाही तिच्यासमोर 'नल' ही खूण येते. येथे एक गफलत मुळातच राहून गेली. कॉड यांच्या विवेचनात नल म्हणजे 'मूल्य असेल, पण ठाऊक नाही'. आउटर जॉइनमधून येणारा नल मात्र बहुधा आपला निरंक असतो, म्हणजे शोध घेतला पण काही नाही. दोन भिन्न अर्थांना एकच चिन्ह मिळाले.

नलबरोबर तीन मूल्यांचे तर्कशास्त्रही आले : खरे, खोटे आणि अज्ञात. 'नल हे मराठी आहे काय?' या प्रश्नाचे उत्तर 'अज्ञात' असे येते. आणि गाळणीची अट फक्त 'खरे' असलेल्या ओळींनाच पुढे जाऊ देते. पुढचे सारे नाट्य या एका नियमातून घडते.

योगायोग असा, की त्याच 1979 साली पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सिस्टिम आरमधील सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. क्वेरी प्लॅनर, म्हणजे 'कसे शोधायचे' हे ठरवणारा यंत्रातला भाग, त्यांनी त्यात मांडला. प्लॅनर एकाच प्रश्नाच्या अनेक वाटा पाहतो, प्रत्येकीचा खर्च अजमावतो आणि स्वस्त वाट निवडतो. त्याची सर्वांत उपयोगी युक्ती म्हणजे गाळणी लवकर लावणे. लाखभर नोंदी जोडून मग मराठी पुस्तके निवडण्यापेक्षा आधी मराठी पुस्तके निवडावीत आणि मग जोडणी करावी. साध्या जॉइनमध्ये हे निर्धास्तपणे करता येते. तेथे अटींचा आणि जोडण्यांचा क्रम कसाही फिरवला तरी उत्तर तेच येते. म्हणजे एकाच वर्षी एका निबंधाने क्रम फिरवण्याच्या स्वातंत्र्यावर आधारलेले शास्त्र दिले, आणि दुसऱ्याने ज्या जोडणीचा विस्ताराने विचार केला ती त्या स्वातंत्र्याला जुमानत नाही.

ती का जुमानत नाही, हे मराठीत चटकन समजते. पुढील दोन रचना पाहा : 'प्रत्येक विद्यार्थी आणि त्याने नेलेले मराठी पुस्तक' आणि 'मराठी पुस्तक नेलेला प्रत्येक विद्यार्थी'. शब्द जवळजवळ तेच. पहिल्या रचनेत 'मराठी' हे विशेषण पुस्तकापुरते आहे. विद्यार्थी सगळेच्या सगळे राहतात. दुसरीत त्याच विशेषणाने विद्यार्थ्यांचीच निवड होते.

एसक्यूएलमध्ये हा भेद दाखवण्याची प्रमाणभूत सोय 1992 च्या मानकाने दिली. तोपर्यंत निरनिराळ्या कंपन्यांनी आपापली चिन्हे चालवली होती. ओरॅकलमध्ये अटीशेजारी कंसात अधिकचिन्ह लिहीत. ते एका अटीपुरते राहून गेले की जोडीविना असलेल्या साऱ्या ओळी गळत. 1992 च्या मानकाने 'ऑन' आणि 'व्हेअर' अशा दोन जागा स्पष्ट केल्या. 'ऑन'मधली अट जोडी ठरवते. 'व्हेअर'मधली अट जोडणी झाल्यावर ओळी गाळते.

आता तीन विद्यार्थी घेऊ. मालवणीच्या विद्यार्थ्याने मराठी कादंबरी नेली, कुरारच्या विद्यार्थिनीने फक्त इंग्रजी पुस्तक नेले, आणि मढच्या विद्यार्थ्याने काहीच नेले नाही. 'पुस्तक मराठी असावे' ही अट 'ऑन'मध्ये लिहिली तर तिघेही यादीत येतात. कुरार आणि मढ यांच्यासमोर निरंक. तीच अट 'व्हेअर'मध्ये लिहिली तर एकटी मालवणी उरते. हे पाहून कोणी 'व्हेअर'मध्ये 'मराठी असावे किंवा नल असावे' अशी डागडुजी करील. मग मढ परत येते, पण कुरार नाहीशी होते. कारण तिच्यासमोर नल नाही, इंग्रजी पुस्तक आहे. तीन वाक्ये, तीन उत्तरे, आणि यंत्राने एकदाही चूक झाल्याचे सांगितलेले नाही.

प्लॅनरला हे सर्व सांभाळून घाई करायची असते. पहिल्या वाक्यातली अट पुस्तकांच्या बाजूची आहे, म्हणून जोडणीपूर्वीच मराठी नोंदी निवडल्या तरी चालते. दुसऱ्या वाक्यात तो ओळखतो, की ही अट नलला कधीच पुढे जाऊ देणार नाही. मग आउटर जॉइन हवाच कशाला? तो त्याचे रूपांतर साध्या जॉइनमध्ये करतो आणि क्रम फिरवायला मोकळा होतो. तिसऱ्या वाक्यातली अट नलला स्वीकारते, म्हणून जोडणी पुरी होईपर्यंत तिला थांबावेच लागते. राखलेल्या बाजूचा नियम याच्या उलट आहे. 'विद्यार्थी तिसऱ्या वर्षाचा असावा' ही अट 'व्हेअर'मध्ये असेल तर यादी आधीच गाळता येते. 'ऑन'मध्ये असेल तर येत नाही, कारण तेथे ती इतरांना काढून टाकत नाही, फक्त त्यांच्यासमोर निरंक लिहिते.

या नियमांना शिस्तबद्ध सिद्धान्ताचे रूप देण्यात अर्नोन रोझेंथाल आणि सेझार गालिंदो-लेगारिया यांचा मोठा वाटा आहे. कोणत्या अटींखाली आउटर जॉइनचा क्रम निर्धास्त फिरवता येतो हे त्यांनी 1990 मध्ये दाखवले. 1997 च्या निबंधात सुलभीकरणाचे आणि क्रमबदलाचे नियम विस्ताराने मांडले. मधल्या काळात, 1995 मध्ये, आयबीएममधील गौतम भार्गव, पीयूष गोयल आणि बाळा अय्यर यांनी गुंतागुंतीच्या अटींचा प्रश्न हाताळला. उपप्रश्नांना आउटर जॉइनचे रूप देऊन ते सोपे करण्याची पद्धत गालिंदो-लेगारिया आणि मिलिंद जोशी यांनी 2001 मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये वर्णन केली.

सिद्धान्त आणि व्यवहार यांत मात्र अंतर राहतेच. पोस्टग्रेस या मुक्त प्रणालीत आउटर जॉइन 2001 मध्ये आला; पण तो लिहिलेल्या क्रमानेच चालवला जाई. अर्थ बदलत नसेल तेथे क्रम फिरवण्याची मुभा तिच्या प्लॅनरला डिसेंबर 2006 च्या 8.2 या आवृत्तीत मिळाली. आणि एक मूलभूत दुरुस्ती तर 2023 च्या सोळाव्या आवृत्तीपर्यंत थांबली. तोपर्यंत प्लॅनर जोडणीच्या खालचा आणि वरचा रकाना एकाच नावाने ओळखत असे. वस्तुतः जोडणीपूर्वी त्या रकान्यात पुस्तकाची भाषा असते आणि जोडणीनंतर तेथे निरंकही असू शकतो. म्हणजे ती एकच गोष्ट नव्हे. कोणत्या आउटर जॉइनमुळे हा रकाना नल झालेला असू शकतो, हे आता नावासोबतच नोंदले जाते. शब्द तोच, पण प्रसंगानंतर त्याचा अर्थ तो राहिला नाही, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला नवे नाही. यंत्राला ते शिकवायला दोन दशके लागली.

या इतिहासाचे एक पान आमच्या उपनगरांतलेही आहे. पवईच्या आयआयटीतील प्राध्यापक एस. सुदर्शन हे ज्या पाठ्यपुस्तकाचे सहलेखक आहेत, ते सिल्बरशात्झ आणि कॉर्थ यांच्याबरोबरचे डेटाबेसचे पुस्तक जगभर शिकवले जाते. त्यातील विद्यापीठाच्या उदाहरणात भौतिकशास्त्र विभागातला स्नो नावाचा एक काल्पनिक विद्यार्थी आहे. त्याने एकही अभ्यासक्रम घेतलेला नाही. आउटर जॉइन शिकवण्यासाठीच जणू तो तेथे आहे : अट 'ऑन'मध्ये असली की स्नो यादीत येतो, 'व्हेअर'मध्ये गेली की नाहीसा होतो.

सुदर्शन, शेतल शाह आणि सहकाऱ्यांचा 'एक्सडेटा' हा पवईतलाच प्रकल्प. त्याविषयीचा त्यांचा निबंध 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्नात एखादा बारीक बदल झाला, उदाहरणार्थ आउटरच्या जागी साधा जॉइन पडला, तर तो उघडकीस आणील असा चाचणीचा माहितीसंच आपोआप तयार करायचा, हे त्याचे उद्दिष्ट. विद्यार्थ्यांच्या एसक्यूएल उत्तरांचे मूल्यमापन करण्यासाठीही तो पुढे वापरला गेला. त्यामागचा विचार विलक्षण साधा आहे. ज्या संचात प्रत्येकाने पुस्तक नेलेले आहे, त्या संचावर चुकीचे आणि बरोबर वाक्य एकच उत्तर देतात. फरक दिसायला हवा असेल तर ज्याला जोडी नाही असा एक तरी माणूस मुद्दाम यादीत घालावा लागतो.

मराठी विभागांना आपले भवितव्य ज्या आकड्यांवर ठरते ते आकडे अशाच वाक्यांतून मिळतात. मराठी पुस्तक नेणाऱ्यांची यादी मागितली तर वाचकांचे समाधानकारक चित्र दिसेल. सर्व विद्यार्थ्यांची यादी आणि त्यासमोर त्यांनी नेलेले मराठी पुस्तक मागितले तर कुरार आणि मढही दिसतील, आणि कामाला सुरुवात कोठून करायची ते कळेल. प्लॅनर दोन्ही उत्तरे सारख्याच इमानाने देईल, कारण वाक्याचा अर्थ न बदलता ते लवकर पुरे करणे एवढेच त्याचे काम आहे. अट कोणाला लावायची, पुस्तकाला की माणसाला, हे वाक्य लिहिणाऱ्यानेच ठरवायचे असते.