होडीवरील स्टिरिओ : निवड आणि जोडणी

मांडवीत फिरणाऱ्या सहलीच्या नौकांपासून घरगुती वापराच्या फायबरच्या होडीपर्यंत संगीताची सोय आता सर्रास आढळते. तिची खरेदी मात्र बहुधा मोटारींच्या साहित्याच्या दुकानात, खोक्यावरील वॅटचा आकडा पाहून होते. पाण्यावर गुणांचा क्रम बदलतो. तेथे आवाजाचा गोडवा पुष्कळ मागाहून येतो. आधी विचार करावा लागतो तो खाऱ्या हवेचा, बॅटरीचा आणि होकायंत्राचा.

मोटारीचा स्टिरिओ स्वस्त पडतो आणि पहिला हंगाम उत्तम वाजतोही. पण त्याच्या स्पीकरचा पडदा पुष्कळदा कागदी असतो, स्क्रू साध्या लोखंडाचे असतात आणि आतील सर्किटवर दमटपणापासून वाचवणारा लेप नसतो. सागरी वापराच्या स्पीकरमध्ये पडदा पॉलिप्रॉपिलीनचा, जाळी उन्हाने न तडकणाऱ्या प्लास्टिकची आणि स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस पोलादाचे असतात. या प्रतीत मॉलिब्डेनम असल्याने मिठाचा मारा ती ३०४ प्रतीपेक्षा अधिक सोसते.

खोक्यावरील ‘आयपी’ अंकही नीट वाचावा. त्यातील दुसरा आकडा पाण्याविषयीचा असतो. ५ म्हणजे पाण्याची धार, ६ म्हणजे जोराची धार आणि ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवूनही टिकणे. मात्र ही चाचणी गोड्या पाण्याची असते. मिठाविषयी ती काहीच सांगत नाही. त्यासाठी ‘एएसटीएम बी ११७’ या क्षारधुक्याच्या चाचणीचा उल्लेख शोधावा. शिवाय अनेक यंत्रांचा आयपी अंक केवळ दर्शनी भागाला, आणि तोही रबरी पट्टीसह पक्के बसवल्यावरच लागू होतो. मागची बाजू उघडीच राहते. म्हणून फळीमागे पाणी झिरपणारी जागा टाळणे हे महागडे यंत्र घेण्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

वॅटच्या आकड्याने सर्वाधिक दिशाभूल होते. खोक्यावर ठळक छापलेला ‘पीक’ आकडा क्षणिक कमाल शक्ती दाखवतो. सलग वाजण्याची शक्ती ‘आरएमएस’ या बारीक अक्षरांतील आकड्यात असते. त्याहून उपयुक्त आकडा स्पीकरच्या संवेदनशीलतेचा, म्हणजे डेसिबलचा. तीन डेसिबलने अधिक संवेदनशील स्पीकर निम्म्या वॅटमध्ये तेवढाच आवाज देतो. ९० डेसिबलच्या स्पीकरला ५० वॅट पुरत असतील, तर ८७ डेसिबलच्या स्पीकरला १०० वॅट लागतील. उघड्या होडीत आवाज परतवायला भिंती नसतात आणि अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. त्यामुळे टोकाला दोन मोठे स्पीकर लावण्यापेक्षा बसणाऱ्यांच्या जवळ चार लहान स्पीकर लावणे शहाणपणाचे. शेजारच्या होडीलाही त्याचा त्रास कमी होतो.

हा सारा हिशेब अखेर बॅटरीपाशी येतो. यंत्र सरासरी ५ अँपिअर ओढत असेल, तर सहा तासांत ३० अँपिअर-तास खर्च होतात. १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवू नये असा संकेत आहे, म्हणजे हाती पन्नासच उरतात. आणि त्यांतच दिवे, पाणी उपसण्याचा पंप व रेडिओही आले. नांगर टाकून, इंजिन बंद ठेवून दुपारभर गाणी ऐकली आणि संध्याकाळी इंजिन सुरूच होईना, ही वेळ भरतीच्या प्रवाहात किंवा नदीच्या मुखाशी जिवावर बेतू शकते. इंजिनची बॅटरी स्वतंत्र राखावी आणि स्टिरिओला दुसरी द्यावी. अ‍ॅम्प्लिफायर ‘क्लास डी’ प्रकारचा घ्यावा. त्यात उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज बरीच कमी असते.

तार कल्हई केलेल्या तांब्याची हवी. साधे तांबे आवरणाच्या आतून हिरवे-काळे पडत जाते. जाडीतही काटकसर नको. बॅटरी पाच मीटरवर असेल आणि ४ चौरस मिलिमीटरच्या तारेतून २० अँपिअर जात असतील, तर जाऊन-येऊन दहा मीटरांत पाऊण व्होल्टहून अधिक दाब तारेतच जिरतो. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत असावा, कारण त्याच्या अलीकडची तार घासून उघडी पडली तर आग अडवणारे काहीच नसते. पेट्रोलच्या टाकीच्या कप्प्यात अ‍ॅम्प्लिफायर किंवा जोडणी कधीही ठेवू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते आणि एका ठिणगीने पेटते.

होकायंत्राचा विचार बहुतेकांच्या मनातही येत नाही. स्पीकरमधील चुंबक यंत्र बंद असतानाही सुई वळवतो. कायमचे भोक पाडण्यापूर्वी होडी बांधलेली असताना स्पीकर नियोजित जागी धरावा, दूर न्यावा आणि सुई हलते का ते पाहावे. हलली तर जागा बदलावी. सुकाणूजवळून जाणाऱ्या विजेच्या दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळून घ्याव्यात, म्हणजे त्यांचा परिणाम बराचसा कटतो. धक्क्यावर दाट अंधार किंवा धुके नसते. होकायंत्रातील चूक ध्यानात येते ती पुढे, किनारा दिसेनासा झाल्यावर.

संकटकाळची हाक व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवर येते. ती गाण्याखाली दबू नये म्हणून सुकाणूजवळच्या स्पीकरचा आवाज वेगळा कमी करता येईल, असेच यंत्र निवडावे. स्टिरिओ वाजत असताना रेडिओत खरखर येते का, हेही इंजिन चालू ठेवून तपासावे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवता येत नाही. रात्री पाण्यालगतची हवा गार आणि वरची उबदार असली की आवाज खाली वळून दूरवर जातो. होडीवर बेताचा वाटणारा ठेका पलीकडच्या काठावरील घरांत स्पष्ट पोचतो.

गोव्यात १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात पुष्कळ होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. जोडणीची तपासणी तेव्हाच उरकावी. यंत्राचा दर्शनी भाग गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसावा, टोके उघडून हिरवट थर खरवडावा, त्यावर संरक्षक ग्रीस लावावे आणि बॅटरी सोडवून घरी चार्ज करून ठेवावी.