मन पुन्हा विद्यापीठात

मन हा आम्हा कवींच्या रोजच्या वापरातला शब्द. पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकी मानसशास्त्रात त्याला जवळपास मज्जावच होता. जे दिसते आणि मोजता येते, त्या वर्तनाचाच अभ्यास करायचा, हा वर्तनवाद्यांचा दंडक. उंदीर कळ दाबतो, त्याला दाणा मिळतो; मधल्या विचाराची चौकशी नको!

११ सप्टेंबर १९५६ रोजी एमआयटीतील परिसंवादात वारे फिरले. नेवेल आणि सायमन यांचा तर्कशास्त्रातील प्रमेये सिद्ध करणारा संगणक प्रोग्रॅम तिथे मांडला गेला. नोम चॉम्स्की भाषेच्या गणिती प्रारूपांवर बोलले, तर जॉर्ज मिलर यांनी तात्पुरत्या स्मृतीची मर्यादा सांगितली : साधारण सात गोष्टी. विषय तीन, प्रश्न एकच : माणूस जाणतो कसा? मिलर पुढे हाच दिवस कॉग्निटिव्ह सायन्सचा, म्हणजे बोधविज्ञानाचा, जन्मदिवस मानत.

१९५९ मध्ये चॉम्स्कींनी वर्तनवादी स्किनर यांच्या भाषाविषयक पुस्तकावर कठोर टीका केली. मूल ऐकलेलेच बोलत नाही, कधीही न ऐकलेली वाक्ये रचते. आमच्याकडे घरात उर्दू आणि अंगणात मराठी ऐकणारी मुले शाळेत जाण्याआधीच दोन्ही व्याकरणे सांभाळतात. केवळ सवयीने हे कसे उलगडावे?

१९८६ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग निघाला. २००२ मध्ये अलाहाबाद विद्यापीठात केंद्र आले. मानसशास्त्र, भाषाशास्त्र, संगणकशास्त्र, मेंदूविज्ञान, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र इथे एका पंगतीला बसतात. संगणकही वाक्ये जुळवू लागलेल्या या काळात ‘जाणणे म्हणजे काय’ हे विचारायला अशी पंगत हवीच.