ध्रुवाभोवतीची फेरी

दक्षिण ध्रुवावरच्या अमुंडसेन-स्कॉट तळावर नाताळात एक शर्यत लागते. ध्रुवाच्या खांबाभोवती बर्फात तीनेक किलोमीटरची वाट आखतात आणि मंडळी पळत सुटतात. कुणी सोंग घेऊन, कुणी रमतगमत, कुणी चक्क स्नोमोबाइलवर बसून. सगळी रेखावृत्तं ध्रुवावर एकत्र येतात, म्हणून एका फेरीत ती सगळी ओलांडून होतात. शर्यतीचं नावही तसंच आहे : जगाभोवतीची शर्यत. शास्त्रज्ञांबरोबर आचारी, सुतार, यंत्रं सांभाळणारे असे सगळेच तीत उतरतात.

या पोरखेळाचं मूळ मला 1819 सालच्या एका जहाजाच्या डेकवर दिसतं. ब्रिटिश नौदलाचा विल्यम एडवर्ड पॅरी 'हेक्ला' आणि 'ग्रायपर' ही जहाजं घेऊन आर्क्टिकमधल्या मेल्व्हिल बेटापाशी हिवाळ्यासाठी थांबला होता. सूर्य नोव्हेंबरात बुडाला तो फेब्रुवारीतच उगवायचा होता. पॅरीला स्कर्व्हीइतकीच धास्ती रिकामपणाची. म्हणून दर पंधरवड्याला जहाजावर नाटक व्हायचं आणि पॅरी स्वतः त्यात काम करायचा. मोहिमेतल्या एडवर्ड सेबाइन या शास्त्रज्ञाने हस्तलिखित साप्ताहिक चालवलं. आणि बाहेर पडण्यासारखी हवा नसली की खलाशांनी डेकवरच गोल गोल धावायचं, असा हुकूम होता. पॅरीने बरोबर एक बॅरल ऑर्गन आणला होता. दांडा फिरवला की त्यातून ठरलेली धून निघे. तिच्या तालावर पावलं टाकायची, नाहीतर स्वतःच गाणी म्हणत पळायचं.

ही धून किती मोलाची होती, ते 'बेल्जिका'ची हकिगत वाचली की समजतं. आद्रियाँ द जेर्लाशचं हे जहाज मार्च 1898 मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या बर्फात रुतलं. दक्षिण ध्रुववृत्ताच्या आत पूर्ण हिवाळा काढणारी ही पहिलीच माणसं. मे महिन्यात सूर्य गेला, जूनमध्ये एमिल डांको हा सहकारी दगावला, स्कर्व्हीने सगळे खंगले, काहींचं डोकं फिरलं. डॉक्टर फ्रेडरिक कुक त्यांना पेंग्विन आणि सीलचं ताजं मांस खाऊ घाली, कपडे उतरवून शेगडीसमोर उभं करी आणि रोज चालायला लावी. चालणार कुठे? जहाजाभोवती, बर्फात तुडवलेल्या वर्तुळातून. त्या वाटेला खलाशांनीच नाव ठेवलं होतं, वेड्यांच्या इस्पितळातला फेरफटका. फिरणं पॅरीच्या माणसांसारखंच, वर्तुळही तसंच. पण इथे ते निव्वळ औषध होतं, खेळ नव्हता. माणसाला वर्तुळात फिरवून भागत नाही; त्यात गाणं, सोंग, पैज असं काहीतरी खुळं लागतंच, असं मला ठामपणे वाटतं.

ध्रुवसंशोधक शॅकल्टनला हे नेमकं उमगलं होतं. त्याचं 'एन्ड्युरन्स' जहाज वेडेल समुद्रातल्या बर्फात अडकलं असताना 15 जून 1915 रोजी, ऐन काळोखात, कंदील लावून कुत्र्यांच्या स्लेजगाड्यांची डर्बी झाली. अंतर जेमतेम 700 यार्ड. पैजा लागल्या चॉकलेटच्या आणि सिगारेटच्या. त्याचा सहकारी फ्रँक वाइल्ड याच्या कुत्र्यांनी 2 मिनिटं 16 सेकंदांत बाजी मारली.

आज ध्रुवावर ज्या खेळाचा सगळ्यात बोलबाला आहे, तो '300 क्लब'. बाहेरचं तापमान उणे 100 फॅरनहाइटला उतरलं की सौना 200 फॅरनहाइटपर्यंत तापवतात. सेल्सियसमध्ये सांगायचं तर बाहेर उणे 73, आत 93. सोसेल तितका वेळ आत बसायचं आणि मग नुसते बूट घालून, अंगावर चिंधीही न ठेवता, खांबापर्यंत पळत जाऊन यायचं. फरक 300 अंशांचा, म्हणून हे नाव. धावताना अंगातून वाफा निघतात. मात्र थंड हवा खोल ओढली तर फुप्फुसाला बाधते, म्हणून जाणते लोक ऊर फुटेस्तोवर धावत नाहीत, झपझप चालतात.

कुकच्या शेगडीसमोर उघडी उभी राहिलेली माणसं आणि ही माणसं मला एकाच घराण्यातली वाटतात. तळाच्या नावातला अमुंडसेन तर 'बेल्जिका'वरच होता, नौकाधिकारी म्हणून. त्या वर्तुळातून तोही फिरला असणार. आताच्या शर्यतीची वाट मात्र कायमची नसते. ध्रुवावरचा बर्फ वर्षाला सुमारे दहा मीटर सरकतो, त्यामुळे नाताळ आटोपून आठवडा होतो न होतो तोच, 1 जानेवारीला, ध्रुवाची खूण नव्या जागी रोवावी लागते.