वीस फुटांचा काळोख

प्रत्येक गावात एखादे माणूस असे असते, की ज्याला सगळे 'अशक्त' म्हणूनच ओळखतात. चढ चढताना धाप लागते, चेहरा पांढुरका, नखे फिकट. लोहाच्या गोळ्या घेतल्या की महिना-दोन महिने बरे वाटते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! आपले जुने वैद्य या दुखण्याला पांडुरोग म्हणत. चरकसंहितेत त्यावर स्वतंत्र अध्याय आहे, आणि माती खाणे हेही त्याचे एक कारण सांगितले आहे. म्हणजे 'काय झाले' यावर न थांबता 'कशाने झाले' हे विचारण्याची रीत जुनीच.

कारणे बहुधा साधी असतात : निकस आहार, पोटातले अंकुशकृमी, बायकांच्या बाबतीत अंगावरून जास्त जाणे. पण क्वचित कारण लहान आतड्यात दडलेले असते. तिथे एखादी गाठ होते. ती कर्करोगाची असतेच असे नाही, बरेचदा दुखतही नाही. पण तिच्यावरचे अस्तर झिजते आणि रक्त ठिबकू लागते. रोज चमचाभर रक्त गेले, तरी शौचाला पाहून ते कळत नाही. हिशेब मात्र पहा. चमचाभर रक्तात सुमारे अडीच मिलिग्रॅम लोह असते. अन्नातून शरीर सर्वसाधारणपणे दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅमच घेते. जमेपेक्षा खर्च जास्त!

मग ही गाठ सापडत का नसे? लहान आतडे सुमारे वीस फूट लांब आणि सगळे वेटोळ्यांचे. १८६८ साली जर्मनीत कुसमाउल यांनी तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्यालाच बोलावले आणि ताठ नळीतून त्याच्या जठरात डोकावून पाहिले. १८९५ साली राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. पुढे रोग्याला बेरियम पाजून आतड्याची छायाचित्रे घेऊ लागले. पण वेटोळ्यावर वेटोळे पडे आणि लहान गाठ लपून जाई. १९५४ साली लंडनमध्ये हॉपकिन्स आणि आपल्या पंजाबचे नरिंदरसिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र वळवून नेता येते हे दाखविले. १९५७ साली अमेरिकेत हर्शोविट्झ यांनी त्यावरून लवचिक दुर्बीण केली. तोंडावाटे जाणारी दुर्बीण लहान आतड्याच्या उंबरठ्यापर्यंत पोचली. पुढे खालून जाणारी दुसऱ्या टोकाशी. मधली वाट अंधारातच! शेवटी शस्त्रवैद्य पोट उघडून आतडे बोटांनी चाचपीत.

हा काळोख अलीकडे फिटला. क्षेपणास्त्रांच्या 'डोळ्यां'वर काम केलेले इस्रायली अभियंते गॅव्रिएल इडान यांना गिळता येईल असा कॅमेरा सुचला. २००० साली तो जगापुढे आला. सव्वीस मिलिमीटर लांबीची ती गोळी, सेकंदाला दोन चित्रे टिपीत आतड्यातून जाई. २००१ साली जपानचे यामामोटो यांनी दोन फुग्यांची दुर्बीण पुढे आणली. तिने गाठीचा तुकडाही तपासायला काढता येतो. अर्थात कॅमेराही एखादी गाठ हुकवतो, आणि आतडे अरुंद असले तर अडकतो.

तेव्हा गुरुजी, बायाबापड्यांनो, गोळ्या सोडू नका. पण गोळ्या संपताच रक्त पुन्हा उतरत असेल, तर 'अंगच तसे' म्हणून गप्प बसू नका. आधी शौचाची तपासणी, मग जठराची आणि मोठ्या आतड्याची दुर्बीण, आणि तिथेही काही न सापडले तर लहान आतडे. डॉक्टरांना एवढेच विचारा : रक्त जाते कुठे? गाठ सापडून काढली, तर वर्षानुवर्षांचा अशक्त माणूस पुन्हा शेतावर उभा राहू शकतो.