सिझेरियन प्रसूतींची वाढ (रायपूर)

पोट व गर्भाशय छेदून मूल बाहेर काढण्याच्या शस्त्रक्रियेचे छत्तीसगडमधील, विशेषतः राजधानी रायपूरच्या संदर्भातील, वाढते प्रमाण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यात २०१५-१६ मध्ये शेकडा ९.९ बाळंतपणे सिझेरियनने झाली, २०१९-२१ मध्ये १५.२. देशाची सरासरी तेव्हा २१.५ होती, म्हणजे राज्य मागेच. पण राज्याची ही सरासरी फसवी आहे. त्याच पाहणीत राज्यातील सरकारी दवाखान्यांचे प्रमाण ८.९ होते आणि खासगींचे ५७.

वाढीचा काही भाग रास्त आहे. दवाखान्यातील बाळंतपणे याच काळात ७०.२ टक्क्यांवरून ८५.७ वर गेली. पूर्वी घरीच अडणाऱ्या बाया आता शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचतात. रायपूरचे आंबेडकर रुग्णालय (लोकांच्या तोंडी ‘मेकाहारा’) आणि २०१२ पासूनचे एम्स यांच्याकडे महासमुंद, धमतरी, गरियाबंदहून रक्तदाब वाढलेल्या, सिकलसेलच्या किंवा कळा देऊन थकलेल्या गर्भवती येतात. तिथला आकडा मोठा असणारच. उलट सरकारी दवाखान्यांच्या ८.९ या आकड्यात, भूलतज्ज्ञ नाही म्हणून न झालेली सिझेरियनेही दडलेली आहेत.

खासगीतील ५७ मात्र आजारांनी उलगडत नाही. पहिलटकरणीच्या कळा बारा-चौदा तास चालू शकतात. बाह्यरुग्ण विभाग सांभाळणाऱ्या एकट्या डॉक्टरला, प्रशिक्षित सुईण हाताशी नसताना, तासाभराची शस्त्रक्रिया परवडते. बिलही मोठे होते. बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांच्या आलेखातील शंका, मूल दगावल्यास होणारी तोडफोड आणि खटल्याची धास्तीही त्यात भर घालतात. मुहूर्त आणि कळांची भीती ही नातेवाइकांकडची कारणे. दोष सगळा त्यांच्या माथी मारण्याची वैद्यकीय सवय मात्र सोयीस्कर म्हणावी लागेल.

सर्वांत चिवट कारण म्हणजे पहिले सिझेरियन. त्यानंतर नैसर्गिक बाळंतपण बहुधा शक्य असते, पण त्यासाठी रक्त आणि शस्त्रक्रियागृह अहोरात्र सज्ज लागते. छोटी नर्सिंग होम्स ती जोखीम घेत नाहीत. मग पुन्हा सिझेरियनच होते आणि दर खेपेला जुन्या व्रणात वार रुतून जीवघेणा रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये १०-१५ टक्के ही मर्यादा सुचवली होती. २०१५ पासून संघटना सरसकट आकड्याऐवजी गर्भवतींचे दहा गट पाडून तुलना करणारी रॉब्सन वर्गवारी वापरण्यास सांगते.